भीम कुठल्या चौकटीत बसतो

सोलापुरात टॉवेलच्या नाहीतर चादरीच्या कारखान्याचा प्रोसेस कागदावर काढायला फार वेळ लागत नाही. सूत येतं, डाईंगला जातं, रंगून परत येतं, वाइंडिंग होतं, वार्पिंगवर भीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळायचा मोठा रूळ, भरला जातो, भीम मागावर चढतो, विणून झालं की कटिंग, शिलाई, चेकिंग, पॅकिंग आणि मग गाडी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मोठ्या शेडमधे जा नाहीतर साखर पेठेत घराच्या मागच्या खोलीत चार माग टाकलेत तिथे जा, थोडाफार फरक सोडला तर हीच साखळी. मालकाला विचारलं की तो हातातला चहा संपेपर्यंत सगळं सांगून मोकळा होतो, आणि सांगतो ते बरोबरच असतं.

मी अशा कारखान्यांसाठी सॉफ्टवेअरचं डिझाइन करते. म्हणजे आधी त्यांच्यात बसून प्रोसेसचं चित्र काढायचं, आणि मग त्यावरून सॉफ्टवेअरमधे कुठले क्लास असतील (क्लास म्हणजे ज्या प्रकारच्या गोष्टीची माहिती सॉफ्टवेअर सांभाळतं ती, जसं माग किंवा ऑर्डर), कुठल्या टेबलात काय राहील, कुठली स्क्रीन कोणाला दिसेल हे ठरवायचं. या पहिल्या चित्रातून दुसऱ्या चित्रात जाण्याचं जे काम आहे ना, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मीटिंगमधे प्रोसेस दाखवला की सगळे मान डोलावतात, नंतर सॉफ्टवेअर दाखवलं की सगळे चुका काढतात, मधलं कोणाला दिसतच नाही. आणि मला तर सगळ्यात जास्त जीव लावावा असं तेच काम वाटतं.

आधी चित्रांबद्दल थोडं सांगते, माहीत असेल त्यांनी हा भाग भरभर वाचला तरी चालेल. प्रोसेससाठी आम्ही बीपीएमएन वापरतो, बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन, म्हणजे प्रोसेस काढायची ठरलेली चिन्हं. त्याची पहिली आवृत्ती २००४ ची, नंतर २००५ मधे ते काम ओएमजी म्हणजे ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेकडे आलं, २०११ मधे बीपीएमएन २.० आलं आणि २०१३ मधे ते आयएसओ १९५१० म्हणून स्टँडर्डही झालं. यात आडवे पट्टे असतात, त्यांना लेन म्हणतात, एक लेन म्हणजे एक भूमिका, वार्पर, माग कामगार, चेकर, ऑफिस असं. लेनमधे चौकटी म्हणजे कामं, चौकटींना जोडणारे बाण, निर्णयाच्या जागी गेटवे. हे चित्र धंदेवाल्या माणसाला वाचता यावं याच हेतूने केलेलं आहे आणि ते खरंच वाचता येतं, कधी कॉम्प्युटरला हात न लावलेल्या माणसाने माझ्या कागदावर बोट ठेवून "इथनं इकडं नाही जात ओ, आधी वजन होतंय" असं सांगितलेलं आहे. दुसरीकडे सॉफ्टवेअरच्या डिझाइनसाठी यूएमएल, म्हणजे युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज, ते ओएमजीने १९९७ मधे स्वीकारलं, त्यात क्लास डायग्राम, सीक्वेन्स डायग्राम, स्टेट मशीन वगैरे.

म्हणजे दोन्ही नोटेशन्स एकाच संस्थेच्या छताखाली. मग एकातून दुसरं आपोआप निघायला काय हरकत आहे, असं कोणालाही वाटेल, आणि तसं लोकांना वाटलंही. २००१ मधे ओएमजीनेच एमडीए नावाची कल्पना मांडली, मॉडेल ड्रिव्हन आर्किटेक्चर. तीन पायऱ्या. सगळ्यात वर धंद्याचं मॉडेल, ज्यात कॉम्प्युटरचा विचारच नाही, त्याला सीआयएम म्हणतात. मधे पीआयएम, म्हणजे सॉफ्टवेअरचं डिझाइन पण कुठल्या प्लॅटफॉर्मवर ते न ठरवलेलं. खाली पीएसएम, म्हणजे अमुक डेटाबेस, अमुक फ्रेमवर्क ठरल्यानंतरचं. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरायला नियम लिहायचे आणि ते मशीनने चालवायचे, त्यासाठी क्यूव्हीटीसारखं स्टँडर्ड आलं, एटीएलसारखी भाषा आली. यातली खालची उडी चांगलीच जमली, क्लासवरून टेबलं आणि कोड तयार करणं आज रोजचं काम आहे. वरची उडी मात्र, धंद्याच्या मॉडेलवरून डिझाइनवर, इतकी वर्षं झाली तरी माणसाच्याच हातात राहिलीये.

तिच्यासाठी नियम नाहीत असं नाही. संशोधकांनी बरेच मांडलेत आणि ते उपयोगीही आहेत, माझ्याकडे नवीन मुलं येतात त्यांना मी तिथूनच सुरुवात करायला लावते. लेनचा होतो ॲक्टर, म्हणजे सॉफ्टवेअर वापरणारा. चौकटीवरून युज केस, म्हणजे त्याने सॉफ्टवेअरकडून करून घ्यायचं एक काम, निघते, पण प्रत्येक चौकटीची नाही, एकच माणूस एका बैठकीत न थांबता जितकी कामं करतो तितक्यांची मिळून एक. डेटा ऑब्जेक्टचा, म्हणजे चित्रात दाखवलेल्या कागदाचा किंवा माहितीचा, होतो क्लास. गेटवेची होते अट. दोन संस्थांमधे जाणाऱ्या निरोपाचा होतो इंटरफेस, म्हणजे दोन सिस्टीम जोडणारी जागा. हे सगळं एका दुपारी काढून होतं, आणि झाल्यावर हातात जे येतं ते दिसायला डिझाइनसारखंच असतं.

पण त्यात भीम नसतो.

टॉवेलचा माग बघितला असेल तर माहीत असेल, त्याला भीम दोन लागतात. एक ग्राउंडचा, त्याने कापडाचा पाया विणला जातो, आणि एक पाईलचा, ज्याच्या सुताचे ते लूप पडतात जे पाणी शोषतात. लूप पडायचे म्हणजे पाईलचं सूत ग्राउंडपेक्षा कितीतरी पट लांबीचं खर्च होणार, त्यामुळे दोन्ही भीम बहुतेक वेळा एकदम संपत नाहीत, एक संपतो तेव्हा दुसऱ्यावर अजून सूत असतं. प्रोसेसच्या चित्रात यासाठी काय आहे? माग कामगाराच्या लेनमधे एक चौकट, "भीम चढवणे". बस. आणि चित्र म्हणून ते पूर्ण बरोबर आहे, मालकाला त्यापेक्षा जास्त बघायचंच नाहीये. पण त्या चौकटीवरून नियमाने निघालेलं डिझाइन मागाला एक भीम लावेल, आणि नवा भीम चढवला की जुना संपला असं धरेल. मी एका ठिकाणी आधीचं सॉफ्टवेअर बघितलं होतं त्यात असंच होतं, पाईलचा भीम बदलला की सिस्टीमच्या मते ग्राउंडचा भीमही गायब, मग तिथल्या पोरांनी खोटे भीम नंबर टाकून काम चालवलं होतं, आणि स्टॉकचा रिपोर्ट महिन्याच्या शेवटी कोणी उघडतच नव्हतं.

डिझाइनमधे इथे काय पाहिजे? माग आणि भीम यांच्या मधे स्वतःचं अस्तित्व असलेली एक गोष्ट पाहिजे, आपण तिला नेमणूक म्हणू. हा भीम, या मागावर, पाईल म्हणून किंवा ग्राउंड म्हणून, या तारखेला चढला, या तारखेला उतरला, उतरताना इतका शिल्लक होता. प्रोसेसच्या चित्रात ही गोष्ट कुठेच नाही, कारण ती कोणी करत नाही. ती असते.

माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं खरं तर. प्रोसेसचं चित्र काय हलतं ते दाखवतं, आणि सॉफ्टवेअरला काय लक्षात ठेवायचं ते हवं असतं. आणि यात बीपीएमएनचा काही दोष नाही, त्याच्या स्पेसिफिकेशनमधेच स्पष्ट लिहिलंय की डेटाची आणि माहितीची मॉडेल्स आमच्या कक्षेत नाहीत, संस्थेची रचना नाही, धंद्याचे नियमही नाहीत. डेटा ऑब्जेक्ट म्हणून कोपरा दुमडलेल्या कागदाचं चिन्ह काढता येतं, त्याची स्थितीही लिहिता येते, पण तो कशाशी कसा जोडलेला आहे ते सांगायची सोय तिथे नाही. म्हणजे ज्या चित्रातून आपण क्लास काढायला बसतो ते चित्र आधीच सांगतंय की ते माझ्याकडे मागू नका. मग ते कुठे मागायचं?

माझी पद्धत साधी आहे. प्रोसेसचा मोठा प्रिंटआउट घ्यायचा, आणि चौकटी वाचण्याऐवजी एक वस्तू निवडायची आणि तिच्यामागे सगळ्या लेन फिरायच्या. भीम निवडला तर वार्पिंगपासून सुरू. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी विचारायच्या, इथे आल्यावर याचं काय बदललं, ते कोणाला नंतर लागणार आहे, आणि आज ते कोणाच्या डोक्यात किंवा कुठल्या वहीत आहे. वार्परची मजुरी भीमावर, म्हणजे वार्पर त्याला जोडला. भीमात कुठल्या डाईंग लॉटचं, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या कुठल्या खेपेचं, सूत गेलं, म्हणजे लॉट जोडला. आणि इथे आल्यावर कळतं की भीम किती मोठी गोष्ट आहे. दोन लॉटमधे रंगाचा थोडा फरक येतोच, पार्टीकडून, म्हणजे माल घेणाऱ्याकडून, तक्रार आली की या गठ्ठ्यातले टॉवेल एकमेकांशी मॅच होत नाहीत, तर त्या टॉवेलपासून मागे डाईंगच्या लॉटपर्यंत जायचा एकच रस्ता आहे आणि तो भीमातून जातो. प्रोसेसच्या चित्रात भीम दोन-तीन चौकटींच्या नावात आलेला एक शब्द असतो. डिझाइनमधे तो सगळ्याच्या मधोमध येऊन बसतो.

यावर मला विचारतात की मग भाषांतर कशाला करायचं, बीपीएमएन २.० चं चित्र आता इंजिनवर, म्हणजे प्रोसेस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, थेट चालवता येतं की. येतं, आणि कर्जाचा अर्ज, रजेचा अर्ज असल्या कामाला ते मस्त चालतं, कारण तिथे एक अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटा चालतो. (त्याआधी बीपीएमएनचं बीपीईएल या प्रोसेस चालवायच्या भाषेत रूपांतर करायचा मोठा खटाटोप झाला होता, तिथे अडचण वेगळी होती, एकात बाण कुठूनही कुठेही जातात आणि दुसऱ्यात सगळं एकात एक बसणाऱ्या ब्लॉक्समधे लागतं. तो विषय आता मागे पडलाय.) कारखान्यात मात्र एक ऑर्डर एकटी चालत नाही. एका लॉटचे चार भीम होतात, एका भीमावर दोन ऑर्डरी विणल्या जातात, एका ऑर्डरीला तीन मागांवरून माल येतो. इंजिन विचारतं की हा प्रोसेस कोणाचा चाललाय, ऑर्डरीचा, भीमाचा की मागाचा? चित्र काढताना हे कोणी विचारत नाही, कारण माणसाला ते न ठरवता चित्र वाचता येतं.

डाईंगचं उदाहरण तर मी प्रत्येक नवीन मुलाला देते. चित्रात "सूत डाईंगला पाठवणे", बाण, "रंगीत सूत घेणे". दोन चौकटी. प्रत्यक्षात पाचशे किलो जातं, आधी दोनशे येतं, मग आठ दिवसांनी अजून थोडं येतं, वजनही तंतोतंत तेवढंच येईल असं नाही, काही सूत पुन्हा रंगायला परत जातं. आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर यात कायदा आला, जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला पाहिजे, मुदत वाढवून घेतली नसेल आणि माल आला नाही तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा केला असं धरून टॅक्स लागतो. आता ही एक वर्षाची गोष्ट बाणावर आहे, चौकटीत नाही. दोन चौकटींच्या मधल्या वेळात कोणीच काही करत नसतं आणि नेमकं त्याच वेळात सगळी जोखीम असते. डिझाइनमधे म्हणून माल पाठवल्याच्या चलनाची प्रत्येक ओळ स्वतःचा हिशोब ठेवते, किती गेलं, किती आलं, किती बाकी, पाठवल्याला किती दिवस झाले. बाणाचा क्लास होतो. असा नियम कुठल्या यादीत मी तरी वाचलेला नाही, पण जिथे बाणाला वेळ लागतो तिथे थांबून बघायचं हे मी डोळे झाकून सांगेन.

आणि उचल. उचलीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात हिशोब बघणारे एक अण्णा आहेत, घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी, आणि त्यांच्या वहीत गेल्या कितीतरी वर्षांतली प्रत्येक कामगाराची उचल आहे. चित्रात उचलीचं असं होतं, कामगार मागतो, मालक हो किंवा नाही म्हणतो, रक्कम देतात, पगारातून कपात होते. मी विचारलं, "अण्णा, दर आठवड्याला किती कापता?"

"किती म्हंजे, माणूस बघून ओ मॅडम."

"पण काही ठरलेलं असेल ना, टक्का वगैरे?"

"टक्का कशाचा. ज्याच्या घरात लग्न निघालंय त्याचं दोन हप्ते कापत नाही. कोण दवाखान्यात असतंय त्याचं निम्मं कापायचं. रथाच्या आठवड्यात तर कुणाचंच कापत नाही."

रथ म्हणजे मार्कंडेय महाराजांचा, राखी पौर्णिमेला निघतो, पूर्व भागात त्या आठवड्यात घरोघरी खर्च असतो. मी लिहून घेत होते आणि मालकाचा मुलगा शेजारी बसला होता, तो म्हणाला मॅडम, ते सोडा, आपण सरळ दहा टक्के फिक्स करू, सॉफ्टवेअरला पण सोपं जाईल. तो चांगला पोरगा आहे, त्याला कारखाना नीट करायचाय. पण तिथे मी नाही म्हणाले, आणि आजही म्हणेन. प्रोसेसवरून डिझाइन करताना जी जागा नीट कळत नाही तिथे एक ठोकळ नियम बसवून टाकणं फार सोपं असतं, आणि ज्या दिवशी तो नियम कोडमधे जातो त्या दिवशी तो त्या कारखान्याचा कायदा होतो. कोणी ठरवलेला? कोणीच नाही. डिझाइन करणाऱ्याला सोपं गेलं म्हणून झालेला. आणि त्याची किंमत कोण देणार, तर ज्याच्या घरी लग्न आहे तो.

मग आम्ही काय केलं, उचल ही वेगळी गोष्ट ठेवली, प्रत्येक कपात ही त्याला जोडलेली वेगळी नोंद, आणि आठवड्याची कपात सिस्टीम फक्त सुचवते, अण्णा बदलतात, शून्यसुद्धा करतात, आणि हवं असेल तर कारण लिहितात. कामगार सोडून दुसरीकडे गेला आणि तिथल्या मालकाने उरलेली रक्कम भरली तर तेही कपात म्हणूनच येतं, फक्त कुठून आलं ते वेगळं. अण्णांचा निर्णय अण्णांकडेच राहिला. त्यांना दर शनिवारी करावी लागणारी बेरीज तेवढी गेली.

बीपीएमएनमधे टास्कचे प्रकार असतात, त्यात मॅन्युअल टास्क नावाचा एक आहे, हाताच्या पंजाचं चिन्ह असतं त्याला, म्हणजे हे काम सिस्टीमच्या बाहेर होतं. बहुतेक लोक तो वापरत नाहीत आणि सगळ्या चौकटी सारख्याच काढतात, आणि मला वाटतं डिझाइनचं निम्मं नुकसान तिथेच होतं. चेकिंगला बसणाऱ्या अक्का टॉवेल उघडून, हात फिरवून, उजेडात धरून फ्रेश म्हणजे चांगला आणि सेकंड म्हणजे दोष असलेला माल वेगळा करतात. ते त्यांच्या बोटांचं काम आहे. त्याच्या आत शिरून मागे सुटलेल्या लूपांचे आणि डागांचे पाच ड्रॉपडाउन करायची काही गरज नाही, किती फ्रेश, किती सेकंड आणि कुठल्या मागावरचा एवढं निघालं की पुरे. तो पंजा काढला असेल तर डिझाइन करणाऱ्याला कळतं की इथे थांबायचं. जिथे नियम खरोखर नियमासारखा आहे, म्हणजे समजा अमुक जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन), अमुक साइज, अमुक पार्टी तर हा किलोचा भाव, तिथे तो गेटवेंच्या जाळ्यात गुंतवण्याऐवजी टेबल म्हणून वेगळा काढावा, त्यासाठी ओएमजीचंच डीएमएन, म्हणजे निर्णयाचे नियम मांडायचं स्टँडर्ड, आहे, २०१५ पासून. चित्रही मोकळं होतं आणि भाव बदलला की कोडला हात लावावा लागत नाही.

हल्ली चित्राचा फोटो एआयला दिला की एका मिनिटात क्लास डायग्राम मिळते. मीही करून बघते, आणि नियमाने निघणारा जो भाग आहे तो त्यातून झटपट आणि स्वच्छ निघतो, माझी एक दुपार वाचते. दोन भीम निघत नाहीत. ते कोणीतरी मागापाशी उभं राहून बघितल्याशिवाय चित्रात आलेलेच नसतात तर निघणार कुठून. माझा आग्रह म्हणून इतकाच असतो की वाचलेली दुपार ऑफिसात घालवू नका, शेडमधे जा, आवाजात काही ऐकू येत नाही तरी जा, वार्परच्या खिशातली चिठ्ठी बघायला मागा. त्या चिठ्ठीवर जे चार आकडे असतात ते तुमच्या क्लासचे ॲट्रिब्यूट, म्हणजे त्याने लक्षात ठेवायच्या गोष्टी, असतात.

अजून एक सवय, जी नवीन मुलांना कंटाळवाणी वाटते पण मी सोडत नाही, ती म्हणजे प्रत्येक क्लास आणि प्रत्येक स्क्रीन प्रोसेसच्या कुठल्या चौकटीवरून, बाणावरून किंवा कोणाच्या सांगण्यावरून आली ते लिहून ठेवायचं. नेमणूक हा क्लास, "भीम चढवणे" या चौकटीमुळे, अमुक मागावर बघितलं म्हणून. दोन वर्षांनी प्रोसेस बदलतो, मालक वार्पिंग बाहेरून करून घ्यायला लागतो, तेव्हा काय काय हलणार ते या यादीवरून तासाभरात कळतं. यादी नसली तर सगळा कोड वाचत बसा.

सध्या ज्या कारखान्याचं काम चालू आहे तिथे पाळी बदलताना मागावर जो टॉवेल अर्धा विणलेला असतो तो कोणाच्या नावावर धरायचा यावर अडलंय. मजुरी नगावर आहे, चित्रात "पाळी बदलणे" अशी चौकटही नाही. तिथले हिशोबनीस म्हणतात ज्याच्या पाळीत पूर्ण झाला त्याचा, रोज उलटसुलट होऊन बरोबर होतंय. माग चालवणारे म्हणतात मोठ्या टॉवेलला ते परवडत नाही, मीटर बघा. दोघांचंही पटण्यासारखं आहे, आणि उत्तराप्रमाणे डिझाइन वेगळं होतं, पहिल्यात मजुरी टॉवेलला लटकते, दुसऱ्यात मीटरच्या रीडिंगला, आणि रीडिंग घ्यायचं तर ते कोणी घ्यायचं, जाणाऱ्याने की येणाऱ्याने, हाही प्रश्न आला. येत्या शनिवारी पाळी बदलायच्या वेळेला दोन्ही पाळ्यांची माणसं आणि हिशोबनीस एकत्र भेटणार आहेत, मी चित्राचा मोठा प्रिंट घेऊन जाणार आहे, आणि तोपर्यंत मजुरीचा क्लास मी कोणाला लिहू देत नाहीये.